‘देवा रे’ म्हणणे म्हणजे नाव व्यर्थ घेणे आहे का?

प्रश्न : माझे माहेर वसईचे, कॅथलिक, सासर अहिल्यानगरचे, तीन पिढ्यांपासून प्रॉटेस्टंट मंडळीतले. ठेच लागली, दूध उतू गेले किंवा फोनवर वाईट बातमी आली की माझ्या तोंडून ‘देवा रे’ किंवा आजीच्या वळणाने ‘जेजू, मारी, जुझे’ (येशू, मरिया, योसेफ) निघते. गेल्या महिन्यात फोडणीचे तेल हातावर उडाले तेव्हा मी अशीच ओरडले. सासूबाईंनी आधी माझा हात नळाखाली धरला आणि मग शांतपणे म्हणाल्या, ‘‘अगं, भाजलं म्हणून प्रभूचं नाव असं तोंडातून टाकायचं नसतं. आज्ञा मोडते.’’ त्या स्वभावाने फार मायाळू आहेत, म्हणूनच ते बोलणे मनाला लागून राहिले. माझा मुलगा दिवसभर ‘ओ माय गॉड’ म्हणतो, ‘देवाशपथ’ही सहज घेतो, आणि आजी रागावली की ‘मम्मीपण म्हणते’ असे उत्तर देतो. आमच्यात चूक कोणाची? — एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : प्रिय भगिनी, सासूबाईंनी ज्या आज्ञेची आठवण करून दिली ती देवाच्या दहा आज्ञांपैकी एक, बायबलच्या निर्गम 20:7 मध्ये आहे : ‘तू आपला देव परमेश्वर ह्याचे नाव व्यर्थ घेऊ नकोस.’ तुम्ही ती दुसरी आज्ञा म्हणून पाठ केली असेल आणि सासूबाईंनी तिसरी म्हणून, कारण मूर्तींविषयीचे वचन कॅथलिक आणि ल्यूथरन परंपरेत पहिल्या आज्ञेतच धरतात, तर इतर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या त्याची वेगळी आज्ञा मोजतात. क्रमांक निराळा असला तरी वचन एकच आहे. मतभेद आहे तो ‘व्यर्थ’ या शब्दात काय काय येते याविषयी.

मूळ इब्री (हिब्रू) वचनात ‘नाव उचलणे’ असा शब्दप्रयोग आहे, आणि ज्याचे भाषांतर आपण ‘व्यर्थ’ असे करतो त्या शब्दात पोकळपणा आणि खोटेपणा हे दोन्ही अर्थ आहेत. देवाचे नाव उचलून, म्हणजे त्याला साक्षीला धरून, खोटी शपथ वाहणे हा या आज्ञेतला सर्वांत उघड गुन्हा होय. त्याच्या पलीकडे आज्ञेची कक्षा कुठवर न्यायची यावर ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके विचार केला आहे. मार्टिन ल्यूथरने 1529 साली घराघरांतल्या मुलांसाठी जी लहान प्रश्नोत्तरी लिहिली तिच्यात या आज्ञेचे दोन भाग केलेले आढळतात : देवाच्या नावाने शाप, शपथा, जादूटोणा, लबाडी आणि फसवणूक करू नये हा पहिला, आणि प्रत्येक संकटात त्या नावाचा धावा करावा, प्रार्थना आणि उपकारस्तुती करावी हा दुसरा. म्हणजे नाव तोंडात न घेणे एवढ्याने ही आज्ञा पाळली जात नाही, तर ते नीट घेणेही तिच्यात येते. 1647 सालच्या वेस्टमिन्स्टर लघुप्रश्नोत्तरीने कक्षा आणखी वाढवली आणि देवाची नावे, उपाधी, वचन व कार्ये या सगळ्यांचाच वापर आदराने व्हावा असे शिकवले. अमेरिकन मिशनचे जे लोक 1831 साली नगरला आले ते याच प्युरिटन, म्हणजे कडक आचरणाच्या प्रॉटेस्टंट, वळणाचे होते, आणि सासूबाईंच्या कानाला जे खटकले त्यामागे या शिकवणीचा मोठा वारसा आहे. त्याला कर्मठपणा समजू नका.

मात्र हा भेद कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट असा नाही. 1992 सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात देवाच्या आणि येशू ख्रिस्ताच्या नावाचा अनुचित वापर निषिद्ध मानला आहेच, शिवाय पवित्र मरिया आणि सर्व संत यांची नावेही त्यात जोडली आहेत. त्या हिशेबाने तुमच्या ‘जेजू, मारी, जुझे’मधली तिन्ही नावे तुमच्याच चर्चच्या मते जपायची आहेत. येशूचे नाव उच्चारले की मस्तक लववावे असे तर 1274 सालीच लियोंच्या धर्मसभेने सांगून ठेवले होते. दुसरीकडे, संकटात या तीन नावांचा एका दमात धावा करणे ही कॅथलिक घरांतली जुनी आणि मान्य प्रार्थना आहे. मरणासन्न माणसाच्या उशाशीही ती म्हणतात. वसईत 1534 ते 1739 अशी दोनशे वर्षे पोर्तुगीज होते. ‘जेजू’ आणि ‘जुझे’ ही रूपे तोंडी बसली ती त्यांच्याच भाषेच्या वळणाने. नगरच्या माणसाच्या कानावर ‘येशू’ पडलेले असते, त्यामुळे ‘जेजू’ त्याला उद्गारासारखे वाटले तर नवल नाही. तुमच्या आजीच्या तोंडी ती हाक होती.

आता नेमके विचारायचे ते हे : ‘देवा रे’ कोणाला उद्देशून आहे? आपल्या व्याकरणात ‘देवा’ हे संबोधन आहे. ‘रे’ तर आपण फक्त अगदी जवळच्याला लावतो; मराठी माणूस देवाला एकेरीत हाक मारतो ती दुरावा उरलेला नाही म्हणून. माझी आई सुईत दोरा ओवताना दर वेळी ‘देवा, बघ रे’ म्हणायची. शेवटची काही वर्षे तिला नीट दिसत नव्हते. ती दोरा ओला करायची, पीळ द्यायची, सुई खिडकीच्या उजेडाकडे धरायची आणि तेच म्हणायची. दोरा ओवला गेला की ‘आलास’ म्हणून हसायची. तिने आज्ञा मोडली असे मला कोणी सांगितले तर मी ते कदापि मान्य करणार नाही.

शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र याची दोन बोलणी शेजारी ठेवून पाहा. मत्तय 14 मध्ये तो पाण्यावरून चालताना वारा पाहून भ्यालेला आहे, बुडू लागला आहे, आणि ओरडतो : ‘प्रभूजी, मला वाचवा.’ तिथे विचार करायला वेळ नव्हता, भक्तिभावाने डोळे मिटायलाही नव्हता. तेल उडाल्यावर तुमच्या तोंडून निघाले तसेच ते निघाले. येशूने तत्क्षणी हात पुढे करून त्याला धरले. अल्पविश्वासाबद्दल तो पेत्राला बोलला, हाक मारल्याबद्दल नाही. मग मत्तय 26 मध्ये हाच पेत्र, येशूला अटक झाल्यावर, अंगणात उभा राहून शापशपथांसह सांगतो की, ‘मी त्या माणसाला ओळखत नाही.’ पहिल्या वेळी तोंडून किंकाळी निघाली, दुसऱ्या वेळी शपथेची गंभीर भाषा. पण नाव व्यर्थ गेले ते दुसऱ्या वेळी.

म्हणून तुमच्या मुलाची ‘देवाशपथ’ मला तुमच्या ‘देवा रे’पेक्षा पुष्कळ अधिक गंभीर वाटते. डोंगरावरील प्रवचनात येशूने शपथ वाहूच नका, तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही एवढेच असावे, असे सांगितले आहे (मत्तय 5:34–37). क्वेकर पंथीयांनी हे वचन अक्षरशः धरले आणि न्यायालयात शपथ नाकारल्याबद्दल इंग्लंडमध्ये तुरुंग सोसला. आपल्याकडेही शपथेऐवजी प्रतिज्ञेवर कथन करण्याची मोकळीक 1969 च्या शपथ अधिनियमाने दिलेली आहे. बहुतेक मंडळ्या न्यायालयातली शपथ घेऊ देतात, आणि मलाही त्यात गैर दिसत नाही. परंतु गृहपाठ झाला की नाही हे पटवण्यासाठी मुलाने देवाला साक्षीला बोलवावे, ही सवय मोडलीच पाहिजे. त्याच्या नुसत्या ‘हो’वर घरातल्यांनी विश्वास ठेवायला लागावे, म्हणजे तिची गरज उरणार नाही.

‘ओ माय गॉड’बद्दल मी सासूबाईंच्या बाजूची आहे. नवीन बूट पाहूनही तेच, क्रिकेटच्या षटकारालाही तेच. तिथे कोणाला हाक मारलेली नसते. ‘बाप रे’ किंवा ‘अरे वा’ यांनी ते काम सहज भागते. आणि तुम्हीही एक करून पाहा. दूध उतू गेले तर ‘अगं बाई’ म्हणा. हात भाजला, बातमी वाईट आली, तर ‘देवा रे’ म्हणा; पण तिथेच थांबू नका, हळूच पुढचे वाक्य जोडा : ‘देवा रे, सांभाळ.’ सासूबाईंना ते ऐकू येऊ द्या. त्यांची तक्रार नाव टाकून देण्याबद्दल होती, आणि पूर्ण वाक्य ऐकल्यावर, मला वाटते, त्या स्वतःच ‘आमेन’ म्हणतील.

प्रश्न : वडिलांच्या स्मरणार्थ द्यायच्या जाहिरातीत भावाने ‘कै.’ लिहिले. आमच्या काकांनी ‘कैलास आपला नाही’ म्हणून ते खोडायला लावले. इतक्या बारीक गोष्टीवर वाद करावा का? — एक वाचक, पुणे

उत्तर : काकांचे म्हणणे शब्दार्थाने बरोबर आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मात्र 1616 साली प्रसिद्ध झालेल्या क्रिस्तपुराणात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरला, कारण ऐकणाऱ्यांना तोच कळत होता. याच्या उलट, सहाव्या शतकात आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागाचे बिशप मार्टिन यांनी वारांना ग्रहदेवतांची नावे असू नयेत असा आग्रह धरला. पोर्तुगीज भाषेत आजही सोमवारला ‘दुसरा’ या अर्थाचे नाव आहे. आपण मात्र सोम, मंगळ, बुध म्हणतच रविवारच्या उपासनेला जातो, आणि त्याने कोणाच्या विश्वासाला बाधा आलेली नाही. ‘कै.’चीही स्थिती आज बरीचशी तशीच आहे, तेव्हा भावाने काही वावगे केले असे मी म्हणणार नाही. तरीसुद्धा मृताच्या नावामागे आपली आशा लिहायची असते, आणि त्यासाठी ‘ख्रिस्तवासी’ हा सुंदर शब्द मराठी ख्रिस्ती लोकांत रूढ आहेच. जाहिरात अजून छापायची असेल तर तो घाला. छापून झाली असेल तर काकांना सांगून पुढच्या वर्षीच्या स्मरणदिनाला घाला.