होमब्र्यू (हौशी लोकांनी बनवलेले, निर्मात्याची मान्यता नसलेले सॉफ्टवेअर) चालवण्यासाठी गेम कन्सोल हॅक करणे आजही उपयोगाचे आहे का?

होय, परंतु ते मुख्यतः निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेल्या कन्सोलच्या बाबतीत. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलच्या ई-शॉप या ऑनलाइन दुकानातील खरेदी मार्च २०२३ मध्ये, तर ऑनलाइन खेळण्याची सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद केली. त्यामुळे खात्यावर बंदी येण्याची धास्ती आता फारशी उरलेली नाही, आणि सेव्ह फाइलींची (खेळातील प्रगती साठवणाऱ्या फाइलींची) प्रत काढून ठेवणे किंवा विकत घेतलेल्या खेळांचा स्वतःसाठी साठा करणे यांसाठी यंत्र न उघडता, केवळ सॉफ्टवेअरच्या आधारे हॅकिंग करता येते. मात्र निन्टेन्डोच्याच स्विचसारख्या चालू सेवेच्या कन्सोलवर ऑनलाइन बंदीचा धोका खरा आहे, शिवाय २०१८ नंतरच्या बहुतेक स्विच यंत्रांना मॉडचिपची (कन्सोलचे संरक्षण चुकवणाऱ्या जोड-चिपची) सोल्डरिंग करावी लागते. केवळ एम्युलेटर (कन्सोलचे खेळ दुसऱ्या यंत्रावर चालवणारे सॉफ्टवेअर) हवे असतील, तर साधा संगणक पुरेसा आहे.