रेसिड्यूला रेसिड्यू शिवतो तेव्हा

जैवमाहितीशास्त्र शिकणाऱ्या एका वाचक विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. प्रथिनाच्या रचनेत कोणता रेसिड्यू (म्हणजे साखळीत गुंफलेलं एकेक अमिनो आम्ल) कोणत्या रेसिड्यूच्या कॉन्टॅक्टमध्ये आहे, हे तपासण्याचा तिचा प्रकल्प आहे आणि त्याचा सारांश मराठीत द्यायचा आहे. ‘अमिनो आम्ल अवशेषांमधील संपर्कांचे विश्लेषण’ हे शीर्षक चालेल का, असं ती विचारते.

व्याकरणात चूक नाही. पण हे वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं? अवशेष म्हटलं की ढासळलेला बुरूज नाहीतर उत्खननातली खापरं. मध्यंतरी एका व्याख्यानात ‘प्रथिनांचे अवशेष एकमेकांच्या संपर्कात येतात’ असं ऐकलं. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, “म्हणजे प्रथिन कुजल्यावर का?” त्यांचा प्रश्न रास्त होता, चूक त्या वाक्याची होती.

रेसिड्यूचं आधी उरकून टाकू. अमिनो आम्लं एकमेकांना जोडली जाताना प्रत्येक जोडाला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. सुट्या ग्लायसीनचा रेणुभार 75. साखळीत गुंफताना पाण्याचे 18 गेले की राहतात 57. हे राहिलेले 57 म्हणजे रेसिड्यू. तो प्रथिन मोडल्यावर उरत नाही, प्रथिन घडताना उरतो. त्यामुळे साखळीत बसलेल्या घटकाला नुसतं ‘अमिनो आम्ल’ म्हणणंही काटेकोर नाही. ‘शेष’ लिहा. ‘अव’ काढला की पडझडीचा वास जातो. किंवा सरळ ‘रेसिड्यू’ लिहा, कोणाचं अडणार नाही.

माझा खरा राग ‘संपर्क’ या शब्दावर आहे. ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधावा’पासून ‘संपर्कमंत्र्या’पर्यंत आपण तो इतका वापरला की त्याचा धातूच विसरलो. तो धातू पृच्, म्हणजे मिसळणं. दही, मध, तूप एकत्र कालवून नवरदेवाला देतात तो मधुपर्क, त्यातला ‘पर्क’ हाच. शाळेतलं ‘संपृक्त द्रावण’ही त्याच घरचं. मधुपर्कातून मध पुन्हा वेगळा काढता येत नाही. प्रथिनातले दोन रेसिड्यू मात्र कितीही जवळ आले तरी मिसळत नाहीत. व्हॅलीन व्हॅलीनच राहतं, ल्यूसीन ल्यूसीनच.

आणि दुसरी अडचण याहून मोठी आहे. सिकलसेल घ्या. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार घराघरांत माहीत आहे, आणि तो संपर्काने पसरत नाही, आईवडिलांकडून येतो, हे लोकांना पुनःपुन्हा सांगावं लागतं. त्याच आजाराची रेणूच्या पातळीवरची गोष्ट अशी: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. ऑक्सिजन सुटला की ते व्हॅलीन शेजारच्या हिमोग्लोबिनवरच्या एका खोबणीत जाऊन बसतं. तिथे 85 व्या जागी फिनाइलअॅलनीन आणि 88 व्या जागी ल्यूसीन असतं. असे रेणूला रेणू लागत जाऊन दोरे तयार होतात आणि पेशी कोयत्यासारखी वाकते. आता हे मराठीत ‘व्हॅलीनच्या संपर्कामुळे सिकलसेल होतो’ असं छापलं, तर आरोग्यसेविकेने दहा वर्षं सांगितलेलं एका ओळीत पुसलं जाईल.

मग शब्द कोणता? आपल्याकडे तो आहेच: शिवणे.

हा शब्द मला फार प्रिय आहे, कारण मराठीत शिवणे दोन आहेत आणि ते दोन वेगळ्या वाटांनी चालत येऊन एकाच उच्चारात भेटले आहेत. कापड शिवणे हे संस्कृत ‘सीव्यति’वरून आलं. इ-कारापूर्वीच्या स चा मराठीत श होतो: सीसक, शिसं, सीमा, शीव. मुंबईतलं शीव ते हेच, मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली शीव. दुसरं शिवणे हात लावण्याचं. त्याचं प्राकृत रूप ‘छिवइ’, आणि प्राकृतातला छ मराठीत इ-ए पूर्वी श होतो. क्षेत्राचं छेत्त, छेत्ताचं शेत. हिंदीत छींक, मराठीत शिंक. म्हणजे एका शिवण्यातला श मुळात स, दुसऱ्यातला मुळात छ.

इथे काही व्युत्पत्तिकारांशी माझं पटत नाही. ते स्पर्शाचं शिवणे थेट ‘स्पृश्’ धातूतून काढतात आणि आधार हेमचंद्राचा देतात. बाराव्या शतकातल्या त्याच्या प्राकृत व्याकरणात स्पृश् च्या जागी येणाऱ्या धातूंत ‘छिव’ आहे, हे खरं. पण तो आदेश आहे, म्हणजे त्या अर्थी लोक हे वापरतात एवढंच तो सांगतो. बाप कोण ते सांगत नाही. स्पृश् ची खरी लेकरं त्याच सूत्रात शेजारी उभी आहेत: फास, फंस, फरिस. ‘स्प’चा फ होतो. त्याचा छ कसा होईल? धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘छुप स्पर्शे’ असा स्वतंत्र धातू आहे, पालीत ‘छुपति’ आहे, हिंदीत ‘छूना’ आहे. आपलं शिवणे त्या कुळातलं, असं मी मानतो. उ चा इ कसा झाला हा प्रश्न राहतो, पण ‘स्प’चा छ करण्यापुढे तो फारच लहान आहे. हेमचंद्राचं नाव घेऊन जे वाद मिटवतात, त्यांनी ते सूत्र पुन्हा एकदा संपूर्ण वाचावं.

शिवणे या क्रियापदाची धार बघायची असेल तर दहाव्याला नदीकाठी उभं राहावं. पिंड ठेवलेला असतो. कावळा घिरट्या घालतो, वीतभर अंतरावर उतरतो, मान वाकडी करून बघतो. सगळे श्वास धरून असतात, पण कोणी ‘शिवला’ म्हणत नाही. चोच लागली की मगच म्हणतात, शिवला. जवळ येणं वेगळं आणि शिवणं वेगळं, हा भेद आपल्या भाषेत इतका पक्का आहे.

प्रथिनांच्या अभ्यासात तो पुसला जातो, हे विद्यार्थिनीने ध्यानात घ्यावं. प्रथिनरचनेच्या अंदाजांची ‘कॅस्प’ नावाची चाचणी 1994 पासून दर दोन वर्षांनी होते. तिथे दोन रेसिड्यूंचे बीटा कार्बन (बाजूच्या फांदीतला पहिला कार्बन) 8 अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक) आत आले की कॉन्टॅक्ट धरतात. ग्लायसीनला बीटा कार्बनच नसतो, म्हणून त्याचा मुख्य साखळीतला अल्फा कार्बन घेतात. पण एकमेकांशी न जोडलेले दोन कार्बन खरोखर टेकतात ते साधारण 3.4 अँगस्ट्रॉमवर. 8 म्हणजे कावळा नुसता उतरला आहे. याला मी शिवणं म्हणणार नाही, हा शेजार. हायड्रोजन सोडून बाकी अणूंमधलं अंतर मोजून 4.5 ची अट लावली, तर शिवण्याच्या जवळ आलो.

शेजारही दोन प्रकारचा. साखळीत लागून असलेले रेसिड्यू जवळ असणारच, त्यात शोधण्यासारखं काही नाही, म्हणून ते मोजणीतून वगळतात. साखळीत 24 किंवा जास्त जागा दूर असूनही साखळी दुमडून झालेल्या घडीत शेजारी आलेले, ते मोलाचे. नऊवारी घडी घालून ठेवली की पदर आणि दुसरं टोक एकमेकांवर येतात, तसं. अशा थोड्या जोड्या नीट कळल्या तरी सगळ्या घडीचा अंदाज बांधता येतो.

उलट फार जवळ येणं हा दोष. मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये प्रथिनाची साखळी कशी वळू शकते याचा जो आलेख मांडला, त्यातल्या मोकळ्या आणि निषिद्ध जागा याच हिशेबाने ठरल्या: न जोडलेले अणू किती जवळ आले तर चालतं. तिथे इंग्रजीत पुन्हा ‘कॉन्टॅक्ट’च म्हणतात. मराठीत त्याला ‘खेटणे’ म्हणा, अर्थ लगेच पोचतो.

आणि कापडाचं शिवणे? तेही लागतंच. इन्सुलिनमध्ये 51 रेसिड्यू, 21 ची ए साखळी आणि 30 ची बी. दोन्ही साखळ्यांमध्ये सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकांचे दोन जोड आहेत, ए 7 ते बी 7 आणि ए 20 ते बी 19. तिसरा ए साखळीच्या आतच, 6 ते 11. हे स्पर्श नव्हेत, पक्के बंध आहेत. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगरने हे सगळं 1955 पर्यंत उलगडलं. या जोडांना मी वर्गात ‘टाके’ म्हणतो आणि मुलं ते विसरत नाहीत.

एका मित्राचा आक्षेप असा की शिवणे या शब्दाला शिवाशिवीचा डाग आहे. आहे, आणि तो मी नाकारणार नाही. ‘शिवू नको’ या दोन शब्दांनी या मातीत पिढ्यान्‌पिढ्या माणसांना पाणवठ्यावरून हाकललं. पण अन्याय नकारात होता, क्रियापदात नव्हे. शिवणापाणी खेळणारी पोरं तेच क्रियापद रोज ओरडत असतात. ज्यांना तरीही ते बोचतं त्यांनी ‘स्पर्श’ म्हणावं, माझी हरकत नाही. ‘संपर्क’ मात्र नको.

तर शीर्षक: अट 8 अँगस्ट्रॉमची असेल तर ‘प्रथिनाच्या घडीतील रेसिड्यूंचे शेजार’, 4.5 ची असेल तर ‘रेसिड्यूंचे स्पर्श’. आणि कोणती अट घेतली, ती शीर्षकाखालच्या पहिल्याच ओळीत लिहा.