घरशाळेचा अभ्यासक्रम निवडताना

ताई, दुकान सांभाळून मुलीला घरीच शिकवायचे ठरवले असेल, तर अभ्यासक्रम विकत घेण्याआधी तुम्हाला रोज प्रत्यक्ष किती वेळ मिळतो, हे आठवडाभर वहीत टिपून पाहावे. परदेशी तयार संच देखणे असतात. मात्र त्यांतील काही धर्मशिक्षणाच्या हेतूने लिहिलेले असल्यामुळे विज्ञानातील पृथ्वीच्या वयाचा धडा आधी उघडावा, आणि तिथे सुमारे ४५४ कोटी वर्षांऐवजी काही हजार वर्षे दिसली, तर पुढे चाळण्याचे कारण उरत नाही. मी घेतलेल्या पहिल्या संचात तो दोष नव्हता, पण नाणी डॉलरची आणि मापे इंचांची निघाली!

गणित व भाषेसाठी बालभारतीची पुस्तके पुरेशी आहेत आणि ती संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. उरलेल्या वेळात सोलापूरच वापरावे: इतिहासाला भुईकोट किल्ला, तर सुतापासून चादरीपर्यंतची प्रक्रिया समजावयास ओळखीच्या कारखानदाराचा यंत्रमाग. दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत देता येते. त्यासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणून जन्मदाखला आताच नीट करून ठेवावा.