चार वेळा वाचूनही पेपरात डोकं कोरं

‘विज्ञान सोडून इतिहास घेतला, तरी पदवीसाठी जीवशास्त्राचा एक पेपर द्यावाच लागतोय. चार-चारदा वाचते. वाचताना सगळं कळतं, पेपर हातात आला की डोकं कोरं. माझं डोकंच विज्ञानाचं नाहीये का?’

हा प्रश्न दर सत्रात कुणी ना कुणी माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन येतंच. कधी वाणिज्यवाला, कधी चित्रकलेचा विद्यार्थी. इथे सांगतेय ती गोष्ट इतिहासाच्या एका विद्यार्थिनीची. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. पहिल्या चाचणीत ती नापास झाली होती आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिने निकाल देऊन टाकला, ‘‘मॅडम, हे मला जमणारच नाही. आमच्या घरात कुणालाच विज्ञान जमलेलं नाही.’’

पहिल्या भेटीत चूक माझी झाली. परीक्षेची भीती, असं गृहीत धरून मी तिला श्वासाचा व्यायाम शिकवला, वेळापत्रक आखून दिलं. दोन आठवड्यांनी ती परत आली. वेळापत्रक तंतोतंत पाळलेलं आणि मार्क तेवढेच. तेव्हा कुठे मी म्हटलं, ‘‘वही दाखव बघू.’’

वही देखणी होती. पाच रंगांचे हायलायटर वापरलेले. एका पानावर तर न रंगवलेली ओळ शोधावी लागली. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण चौकटीत, शेजारी तीन चांदण्या. मी वही मिटली.

‘‘एवढंसं रोप लावलं, त्याचं झाड झालं. वाढलेलं वजन आलं कुठून?’’

‘‘मातीतून.’’ क्षणभरही थांबली नाही.

‘‘मग कुंडीतली माती संपत कशी नाही?’’

ती गप्प. समीकरण म्हणून दाखव म्हटल्यावर मात्र धडाधड म्हणाली: कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, प्रकाशाच्या मदतीने ग्लुकोज आणि ऑक्सिजन. म्हणजे उत्तर तिला तोंडपाठ होतं, ते माझ्याच प्रश्नाचं उत्तर आहे याचा पत्ता नव्हता.

मी काही जीवशास्त्राची नाही, पण ही एक गोष्ट मला आवडते म्हणून तिला सांगितली. यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट नावाच्या संशोधकाने २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत घातली आणि ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांच्या वर गेलं. माती पुन्हा वाळवून तोलली तर जेमतेम दोन औंस घटलेली. हे छापून आलं १६४८मध्ये, तो वारल्यानंतर. त्याचा निष्कर्ष होता की झाड पाण्यापासूनच बनलं. हवेचा विचार त्याने केलाच नाही, आणि गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्दच या गृहस्थाने रूढ केला. कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या वायूबद्दलही त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइडच.

ती पहिल्यांदा हसली. मग खुर्चीत पुढे सरकून म्हणाली, ‘‘म्हणजे झाडाचं लाकूड मुख्यतः हवेतून आलेलं? आणि माणूस बारीक होतो, तेव्हा त्याचं वजन कुठे जातं?’’

असा प्रश्न विचारणारं डोकं विज्ञानाचं नाही, असं कोण म्हणेल? (चरबी जळते तेव्हा तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. १० किलो चरबीमागे सुमारे ८.४ किलो; उरलेलं पाणी. हे मी पुढच्या भेटीपर्यंत शोधून ठेवलं.)

अडचण होती ती ओळखीच्या चेहऱ्याची. पुस्तक उघडं असताना प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो आणि मन सांगतं, झालं पाठ. पण रस्त्यात दिसल्यावर ओळखणं वेगळं आणि चेहरा मनाने काढून दाखवणं वेगळं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग इथे फार उपयोगी पडतो. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. पाच मिनिटांनंतरच्या त्या यशावर आपण सगळेच भुलतो.

मग हायलायटर सुट्टीवर गेले. वाचायचं एकदाच, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर काय घडतं ते बाण काढून मांडायचं. नावं आठवली नाहीत तरी चालतील, आधी घटना. नंतर पुस्तक उघडून दुसऱ्या शाईने चुका भरायच्या आणि दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. पहिल्या कागदावर तिला चार ओळी जमल्या. ‘‘हे तर आणखी वाईट वाटतंय,’’ ती म्हणाली. वाटणारच. आठवताना जोर लागतो, वाचताना लागत नाही.

खरी मारामारी पेशीविभाजनाशी झाली. क्रोमोसोम (गुणसूत्र), क्रोमॅटिड (त्याच्या जोडलेल्या दोन प्रतींपैकी एक), क्रोमॅटिन (ज्या द्रव्याचं ते बनतं ते) ही तीन भावंडं कुणालाही चकवतील. मी लोकरीचे धागे आणले, एक धागा म्हणजे एक क्रोमोसोम. लाल म्हणजे आईकडून आलेले, निळे वडिलांकडून. एक लांब जोडी, एक आखूड. विभाजनाआधी प्रत्येक धाग्याची जुळी प्रत केली आणि मधोमध गाठ मारली. मियोसिस, म्हणजे अंडपेशी-शुक्रपेशी बनवणारं विभाजन, दाखव म्हटल्यावर तिने लगेच गाठी सोडायला घेतल्या. तिथेच गाडी अडत होती. मियोसिसच्या पहिल्या फेरीत गाठी सुटत नाहीत, लाल-निळ्या जोड्या फुटतात. गाठी सुटतात त्या दुसऱ्या फेरीत. एकदा तिने लांब लाल आणि आखूड निळा एका बाजूला ठेवला, मग दोन्ही लाल एका बाजूला, आणि स्वतःच थबकली. ‘‘सख्खी भावंडं वेगळी का दिसतात, ते हेच?’’ बरंचसं हेच. माणसात अशा २३ जोड्या. नुसत्या या वाटपाचेच ८३ लाखांहून जास्त प्रकार होतात. ते धागे ती घरी घेऊन गेली, अजून परत आलेले नाहीत.

प्रत्येकाला कोरा कागद पुरतो असं नाही. झोप उडालेली असेल, पेपराच्या विचाराने हात थरथरत असतील, तर आधी त्याच्याशी बोलावं लागतं. पण हिच्या बाबतीत भीती अपयशानंतर आली होती, आधी नव्हती. आणि मी मात्र सुरुवात भीतीपासूनच केली.

पुढच्या चाचणीत ती पास झाली. मार्क मधलेच. पण या वेळी पेपर घेऊन आली आणि कुठे काय चुकलं ते मला दाखवत बसली. परिसंस्थेचा प्रश्न तर तिने तो धडा न वाचताच सोडवला होता.

निघताना दारात थांबली. ‘‘मॅडम, तुमच्या त्या फान हेल्मोंटची मूळ नोंद मी शोधून वाचली. चार पानगळींमध्ये गळलेली पानं त्याने तोललीच नव्हती. स्वतःच लिहून ठेवलंय त्याने.’’

मला हे ठाऊक नव्हतं.