मणक्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर: बारक्या छिद्रातून ऑपरेशन करून टाकावं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मुलगा १६ वर्षांचा, राइट आर्म फास्ट बॉलर, जिल्ह्याच्या टीममध्ये आहे. दिवाळीपासून कंबर दुखत होती, आधी लचक असेल म्हणून मालिश केलं, शेवटी एमआरआय काढला तर एल-फाइव्ह म्हणजे कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याला डावीकडे स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. डॉक्टर म्हणतात तीन महिने पूर्ण रेस्ट, कोच म्हणतात बुमराहसारखं बारक्या छिद्रातून ऑपरेशन करून घ्या, पाच महिन्यांत पोरगा मैदानात. काय करू?
– एक वडील, सांगली

उत्तर: आत्ता तरी ऑपरेशन नको. तुमच्या डॉक्टरांचं ऐका, कोचचं नको.

मणक्याच्या मागच्या बाजूला वरचा आणि खालचा सांधा जोडणारी हाडाची एक अरुंद पट्टी असते, तिला पार्स म्हणतात, तीच तडकलीय. तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली की तुटते तसा हा प्रकार. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुतेक वेळा डावीकडेच होतं, कारण बॉल सोडायच्या क्षणी कंबर मागे जाते, डावीकडे कलते आणि वर पिळही बसतो, आणि हे सगळं पुढचा पाय जोरात आपटतो तेव्हाच.

आता एमआरआयचा रिपोर्ट पुन्हा हातात घ्या आणि बघा, नुसती हाडाला सूज म्हणजे ‘इडिमा’ लिहिलाय की तडाही दिसतोय. तडा नवा आणि एकाच बाजूला असेल तर या वयात रेस्टवर जुळायचा चान्स चांगला असतो. सीटी स्कॅनमध्ये तड्याच्या कडा गुळगुळीत, पांढऱ्या झालेल्या दिसल्या तर मात्र केस जुनी, तिथे हाड आपणहून जुळणं अवघड.

ऑपरेशनचा नंबर कधी लागतो? साधारण सहा महिने नीट रेस्ट आणि फिजिओ करूनही दुखणं जात नाही, एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली गादी चांगली आहे, मणका पुढे सरकलेला नाही, आणि तड्यात भूल द्यायचं इंजेक्शन दिल्यावर दुखणं तेवढ्यापुरतं थांबतं, म्हणजे दुखणं तिथलंच आहे हे पक्कं, तेव्हा. पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात, पाठीवर छोटा छेद, एक्स-रे मशीनवर बघत बघत आधी बारीक तार तड्याच्या आरपार नेतात आणि तिच्यावरून पोकळ स्क्रू बसवतात. तड्यात साचलेली मऊ जाळी खरवडून कमरेच्या हाडाचा थोडा चुरा भरावा लागला तर छेद जरा वाढतो. स्नायू फारसे सोलले जात नाहीत म्हणून दुखतं कमी, घरी लवकर सोडतात, दोन मणके एकमेकांना जखडले जात नाहीत म्हणून कंबर वाकायची तशी वाकते. हा फायदा खराच आहे. पण छेद बारीक असला म्हणून हाड लवकर जुळत नाही हो, हाडाला लागायचे ते महिने लागतातच, आणि इन्फेक्शन, स्क्रू तुटणं, हाड न जुळणं हे धोकेही असतातच.

बुमराहचं म्हणाल तर त्याला पाठीचा त्रास २०१९ पासून, २०२२ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप हुकला, मग मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला ऑपरेशन आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध परत, तेही बॉलरला जास्तीत जास्त चार ओव्हर टाकाव्या लागतात त्या टी-ट्वेंटी मॅचमध्ये, हाताशी बोर्डाचे फिजिओ-ट्रेनर असताना. ऑस्ट्रेलियाचा ऑलराउंडर कॅमरन ग्रीन, त्याचं पाठीचं ऑपरेशन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं, आणि जून २०२५ ची टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल तो नुसता बॅट्समन म्हणून खेळला, हे कोच सांगत नाहीत!

रेस्ट म्हणजे खाटेवर पडून राहणं नाही. बॉलिंग, पळणं, उड्या, कंबर मागे वाकवणं बंद, चालणं चालू, मग फिजिओ सांगेल तसे पोटाचे आणि मांडीमागचे व्यायाम. व्हिटॅमिन डी तपासून घ्या. आणि शाळा, क्लब, वर रविवारची टेनिस बॉल टुर्नामेंट, सगळीकडे मिळून पोरगा आठवड्याला किती ओव्हर टाकत होता ते एकदा वहीत मांडाच, बऱ्याच घरांत हा हिशेब कुणीच ठेवत नाही.

प्रश्न: आई ७१ वर्षांची, बाथरूममध्ये घसरली, मणका दबलाय, सिमेंट भरायला सांगितलंय. हे बारक्या छिद्रातून करतात तेच ऑपरेशन का?
– नाशिकहून एक वाचक

उत्तर: नाही. तिथे ठिसूळ झालेला मणक्याचा पुढचा भाग दबतो, आणि सुईतून हाडाचं सिमेंट भरतात. सुईचंच काम असलं तरी घाई करू नका, २००९ मध्ये आलेल्या दोन चाचण्यांत सिमेंट न भरता नुसतं भरल्यासारखं केलेल्या पेशंटनाही जवळपास तेवढाच आराम पडला होता. बऱ्याच जणांचं दुखणं काही आठवड्यांत गोळ्या आणि पट्ट्यावर उतरतं. पायात ताकद कमी वाटली किंवा लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. हाडं ठिसूळ झाल्याची ट्रीटमेंट सुरू केली नाही तर पुढचा मणका दबायची भीती राहतेच, त्यामुळे हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचं आधी विचारा.

प्रश्न: मुलगी १२ वर्षांची, मल्लखांब करते, तीन आठवडे कंबर दुखतेय, एक्स-रे नॉर्मल आहे. स्पर्धा करू द्यावी का?
– एक आई, पुणे

उत्तर: नका करू देऊ. सुरुवातीचं स्ट्रेस फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एका पायावर उभी करून हळूच मागे वाकायला सांगा, दुखलं तर पुन्हा करून बघायचं नाही, थेट एमआरआय. न दुखलं तरी हाडाच्या डॉक्टरांना दाखवाच, आणि तोवर पाठीची कमान होईल असं काहीही बंद, मालिशवाल्याकडेही नेऊ नका.