रिपोर्ट नॉर्मल, मंग दुखते कायले?

प्रश्न : ताई, मी यवतमाळकडची, वय ३८. वर्षभरापासून ओटीपोटात दुखते, घडीघडी लघवीले जा लागते, रात्रीही उठा लागते. कापूस वेचाले गेली का लई पंचाईत, म्हणून पाणीच पीत नाही. अँटिबायोटिक झाले, रिपोर्ट नॉर्मल. सासू म्हणते मनाचे खेळ हायेत.

उत्तर : मनाचे खेळ नाहीत बाई, दुखणं खरं आहे. एक बघा, लघवी साठत गेली की कळ वाढते आणि करून आलं की थोडा वेळ बरं वाटतं, असं होतं का? असं सहा आठवड्यांच्या वर चाललंय आणि कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू शोधायच्या तपासणीत, काही निघत नाही, तर ब्लॅडर पेन सिंड्रोमचा, म्हणजे जंतू नसतानाही मूत्राशय दुखत राहण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो, यालाच इंटरस्टिशियल सिस्टायटिसही म्हणतात. पाळीच्या आधी, संबंधानंतर त्रास वाढतो का तेही पाहा. जंतूच नाहीत तर अँटिबायोटिक काय करणार, उगाच परत परत घेऊ नका. पण मुतखडा, शुगर, मूत्राशयाचा टीबी, गर्भाशयाचे आजार हे आधी तपासून बाजूला करावे लागतात, म्हणून युरॉलॉजिस्टला, म्हणजे लघवीच्या आजारांच्या डॉक्टरला दाखवाच, नागपूरच्या सरकारी सुपर स्पेशालिटी दवाखान्यात आहेत. जाताना, लघवीला किती वाजता गेलात, किती झाली, काय खाल्लं हे दोन-तीन दिवस वहीत लिहून न्या. चहा, ठेचा, टमाटे, आणि आपल्याकडं वाईट वाटेल पण संत्रीसुद्धा, थोडे दिवस बंद करून बघा. पाणी तोडू नका, लघवी घट्ट झाली की जास्त झोंबते. लघवीत रक्त दिसलं किंवा ताप आला तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.