सरासरी बरोबर, तरी लेप कच्चा

प्रिय मित्रा,

कोटिंग विभागात पहिल्या दिवसापासून तुझ्या कानावर 'वेट गेन' हा शब्द पडेल, म्हणजे लेपामुळे गोळीचं वाढलेलं वजन. साध्या फिल्म कोटिंगला साधारण 2 ते 4 टक्के, एन्टरिकला, म्हणजे पोटातल्या आम्लात टिकून आतड्यात विरघळणाऱ्या लेपाला, बहुधा 8 ते 10. पण हा आकडा गोळ्यांच्या सरासरीचा आहे. रुग्ण गिळतो ती एकच गोळी. पॅनमध्ये, म्हणजे लेप देण्याच्या फिरत्या पिंपात, गोळ्या नीट मिसळल्या नाहीत, तर काही स्प्रेखाली पुन्हापुन्हा येतात आणि काही अर्धवट लेपाच्या राहतात.

एन्टरिक गोळीत हे लगेच भोवतं. आम्लातल्या 2 तासांच्या चाचणीत पहिल्या टप्प्यावर सहापैकी एकाही गोळीतून 10 टक्क्यांहून जास्त औषध सुटता कामा नये. तिथे सरासरी कामाची नाही. म्हणून वजनाबरोबर गोळ्यांच्या कडा भिंगाखाली बघ, आपटून लेप तिथेच आधी झिजतो. ओमेप्राझोल असेल तर आतला सबकोट, म्हणजे औषध आणि एन्टरिक लेप यांच्यामधला थर, कधीही कमी करू नकोस. हे औषध आम्लात टिकत नाही आणि एन्टरिक पॉलिमर स्वतःच आम्लधर्मी असतो.

साध्या फिल्म कोटिंगच्या एचपीएमसी या पॉलिमरला बेडचं, म्हणजे पॅनमधल्या गोळ्यांच्या थराचं, तापमान 40 ते 45 अंश चालतं. मेथॅक्रिलिक या एन्टरिक पॉलिमरच्या पाण्यातल्या लेपाला मात्र 30 च्या आसपासच ठेव. सवयीने तेच सेटिंग राहिलं तर थेंब गोळीवर पसरण्याआधीच सुकतात, लेप सच्छिद्र होतो आणि गोळी खरखरीत लागते. उलट गोळ्या जोडीने चिकटू लागल्या, तर स्प्रे कमी कर.

बाजारातून 'गुण आला नाही' अशी तक्रार आली तर ती किरकोळ समजू नकोस, औषध-सुरक्षेच्या कामात तीही नोंदवायची असते. अहवालाला चार गोष्टी लागतात : ओळखता येईल असा रुग्ण, कळवणारी व्यक्ती, संशयित औषध आणि झालेला त्रास. बॅच नंबर मात्र आवर्जून मागून घे, त्याशिवाय ती तक्रार तुझ्या पॅनपर्यंत पोचणारच नाही. गोळी कुटून किंवा तोडून घेतली का, हेही विचार. एन्टरिक गोळी कुटली की लेप असून नसल्यासारखाच. विष्ठेत अख्खी गोळी दिसली असं कुणी सांगितलं, तर आधी औषधाचं नाव बघ. काही दीर्घकाळ औषध सोडणाऱ्या गोळ्यांचं रिकामं कवच तसंच बाहेर पडतं.

एकाच बॅचबद्दल दुसरी तक्रार आली की त्या दिवसाची कोटिंगची नोंद काढली जाईल. नोझल कधी तुंबलं, किती मिनिटं बंद होतं आणि तेवढ्यात पॅन फिरत होता का, हे त्याच क्षणी घड्याळ बघून लिही. शिफ्ट संपल्यावर आठवून नको.

तुझा हितचिंतक